नऊ मैलांच्या सडकेची मोजणी

आमच्या गावापासून बार्शीटाकळीपर्यंत नऊ मैलांची सडक आहे. तिला सडक म्हणायचं, कारण सरकारच्या नकाशात तशी रेघ आहे. पहिला एक मैल काळी जमीन, दोन्ही अंगांना कपाशी आणि ज्वारी. पुढचे आठ मैल सागाचं जंगल. पावसाळ्यात काळ्या जमिनीतला चिखल पायातली वहाण ठेवून घेतो आणि उन्हाळ्यात जंगलातली धूळ डोळे उघडू देत नाही. म्हणजे बाराही महिने तक्रारीला जागा आहे, आणि मला तक्रार करायला आवडते, हे मी लपवत नाही. माझी बायको सत्यवती म्हणते, "तुमाले सकायी सकायी एक तक्रार भेटली का चहाची गरज नाई."

पण एकसष्ट सालची माझी तक्रार खरी होती. मी गावच्या शाळेचा हेडमास्तर. शाळा सातवीला संपते, आणि माझी मुलगी शकुन त्या साली सातवीला बसली होती. आमच्या वस्तीतून तिथवर पोचलेली ती पहिली मुलगी. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आलो त्या दिवशी मी सत्यवतीला शब्द दिला होता की आपली शकुन मॅट्रिक होईल. सत्यवती कोणाचाच शब्द विसरत नाही, माझा तर नाहीच नाही. हायस्कूल होतं बार्शीटाकळीला. बसवाल्यांना अर्ज केला, तर उत्तर आलं की सडक डांबरी झाली की बारमाही गाडी देऊ. सडक खात्याला अर्ज केला, तर उत्तरच आलं नाही. शकुन आणि आठवी यांच्यामध्ये डांबर तेवढं कमी पडत होतं.

त्यातच एप्रिलमध्ये हुकूम आला. फेब्रुवारीत आम्ही सगळ्या मास्तरांनी देशातली माणसं मोजून दिली होती. चंद्रभान हॉटेलवाल्याच्या घरी माणसं सात की आठ, यावर माझे दोन दिवस गेले होते, कारण आठवा त्याचा जावई होता आणि तो पाहुणा आहे की कायमचा, हे विचारायची घरात कोणाची हिंमत नव्हती. ते संपतं न संपतं तोच नवा हुकूम: सडकेवरच्या गाड्या मोजा. सात दिवस, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. गाडी गेली की छापील कागदावर रेघ मारायची. चार उभ्या, पाचवी आडवी. सरकारला काही मोजायचं झालं की मास्तरच का आठवतो, हे मला आजवर उमगलेलं नाही. उद्या कावळे मोजायचे ठरले तरी मलाच झाडावर चढवतील.

हुकूम मी चंद्रभानच्या हॉटेलात वाचून दाखवला. ही माझी पहिली चूक. चंद्रभान दोन दिवसांपूर्वीचं वर्तमानपत्र रोज वाचतो आणि त्यामुळे त्याला जगातलं सगळं दोन दिवस उशिरा, पण ठाम कळतं.

"मास्तर," तो म्हणाला, "हे सडकेची परीक्षा हाय. जितक्या गाड्या जास्त, तितके मार्क जास्त. पास झाली का डांबर!"

दुसरा कोणी काही बोलला असता तर मी वाद घातला असता. पण परीक्षा आणि मार्क म्हटल्यावर माझा इलाज चालेना. आमच्या सडकेवर रोज जेमतेम चौदा बंड्या, म्हणजे बैलगाड्या, जात, दोन-तीन सायकली, आणि कापसाच्या दिवसांत एखादा ट्रक. इतक्या मार्कांवर कोणतीच सडक वरच्या वर्गात जात नाही, हे मला मास्तर म्हणून दिसत होतं.

संध्याकाळी खुशालराव पाटलांच्या ओसरीवर बैठक भरली. खुशालरावांकडे अकरा बैलजोड्या. त्यांच्या ओसरीवर माझ्यासाठी एक वेगळी कपबशी असते, खिडकीच्या फळीवर पालथी घातलेली. मी मास्तर झालो, हेडमास्तर झालो, कपबशी तिथेच. त्या संध्याकाळी मात्र खुशालरावांनी मला "मास्तरसाहेब" म्हटलं आणि चहा सगळ्यांच्यातल्याच कपातून आला. मी त्याच वेळी सावध व्हायला पाहिजे होतं.

"गाड्या नाई म्हंता?" खुशालराव म्हणाले. "गाड्या म्या देतो. बैलं बसून बसून माजून राहिले. जंगलाच्या तोंडापाशी नाला हाय, तिथलोग जायाचं, फिरायाचं, वापस याचं. पुन्हा जायाचं."

"पाटील, मी सरकारी नोकर आहे," मी म्हणालो. "मी खोटा आकडा लिहिणार नाही."

"खोटा लिवा म्हन्ते कोन? बंडी गेली तं रेघ मारा. नाई गेली तं नका मारू."

यात मला कायद्याची एकही फट सापडली नाही. शकुनला मात्र सापडली. घरी आल्यावर तिनं विचारलं, "बाबा, एकाच प्रश्नाचं उत्तर म्या पेपरात पाच खेपा लिवलं, तं तुमी पाच खेपा मार्क देसान काय?" मी तिला इतिहासाचं पुस्तक काढायला सांगितलं.

सोमवारी सकाळी सहाला मी गावाबाहेरच्या निंबाखाली शाळेची खुर्ची मांडून बसलो. मदतीला सडक खात्याचा मैलकुली पुंजाजी. पुंजाजी वीस वर्षं ह्या सडकेवर आहे. टोपलीनं मुरूम टाकायचा, धुमसानं ठोकायचा, पुढच्या खड्ड्याकडे जायचं. नऊ मैल पुरे झाले की पहिला खड्डा पुन्हा तयार असतो. सडकेबद्दल तो घरच्या म्हशीबद्दल बोलावं तसा बोलतो.

सहा वाजून दहा मिनिटांनी खुशालरावांच्या अकरा बंड्या ओळीनं गेल्या. मी दोन जुड्या आणि एक सुटी रेघ मारली. पाऊण तासानं त्याच बंड्या परत आल्या. पुन्हा तितक्याच रेघा. दुपारपर्यंत गावातले बाकीचे बंडीवाले जागे झाले. पाटलाच्याच बंड्या सरकारच्या कागदावर जातात आणि आपली जात नाही, हे कोणाला सहन होईना. पहिल्या दिवशी दोनशे बारा झाल्या. संध्याकाळी आठ-दहा जण माझ्या खुर्चीभोवती जमले आणि आपापल्या नावावर किती रेघा आहेत ते विचारू लागले. कागदावर नावं नसतात, हे सांगितल्यावर दोघांनी सरळ तोंडावर विचारलं की मंग बैलाले कशासाठी पळवलं.

रिकाम्या बंड्या बऱ्या दिसत नाहीत, असं चंद्रभानचं मत पडलं. म्हणून मंगळवारपासून बंड्यांत पराट्या भरल्या. कापूस वेचून झाल्यावर शेतात उरतात त्या वाळक्या काड्या. गावात त्याच मुबलक होत्या. त्याच पराट्या सकाळी जंगलाकडे जात, दुपारी परत येत आणि संध्याकाळी पुन्हा जात. बुधवारी कोणीतरी बैलांना पोळ्याच्या झुली चढवल्या. मग सगळ्यांनीच चढवल्या. गुरुवारी शेजारच्या गावाला बातमी लागली. डांबर आपल्याकडेही वळावं म्हणून तेही साठ बंड्या घेऊन हजर. माझी पेन्सिल दिवसाला दोनदा संपत होती. माझ्या उजव्या हाताचं मनगट सुजलं, आणि हे मी कुठल्याही कागदावर लिहिलेलं नाही.

पुंजाजी आधी नुसता बघत बसला. चौथ्या दिवशी त्याच्यानं राहवलं नाही. "मास्तर, माह्या सडकेचा जीव घेऊन राहिले हे."

खरंच होतं ते. लोखंडी धावांची चाकं एकाच चाकोरीतून दिवसाला पाचशे-सहाशेदा फिरत होती. वीस वर्षांचा मुरूम उडून बाजूच्या शेतात गेला होता, आणि चाकोऱ्या गुडघ्याइतक्या खोल झाल्या होत्या. मी पुंजाजीची समजूत घातली की डांबर आलं की चाकोऱ्याच राहणार नाहीत. त्यानं एकदा माझ्याकडे आणि एकदा कागदाकडे पाहिलं. "बराबर हाय. तवा मीबी राहनार नाई," असं म्हणून तो टोपली उचलून निघाला.

शनिवारी कळस झाला. चार दिवस जंगलाच्या तोंडापर्यंत शेकडो बंड्या येतात आणि काड्यांखाली काहीतरी घेऊन परत जातात, हे जंगलाच्या रखवालदारानं पाहून ठेवलं होतं. त्यानं हिशेब केला की एवढी माणसं उगाच येणार नाहीत, त्या अर्थी सागाची चोरी चाललीय. त्यानं आणखी दोघांना बोलावलं, सडकेवर बांबू आडवा टाकला आणि एकेक बंडी उतरवून पराटी न् पराटी तपासायला सुरुवात केली. पाठीमागे बंड्यांची जी रांग लागली ती नाल्यापासून माझ्या निंबापर्यंत आली. आमच्या सडकेवर रस्ता अडण्याची ती पहिलीच वेळ. लोक पोरांना खांद्यावर घेऊन बघायला आले. चंद्रभाननं चहाची किटली तिथेच आणली.

आणि त्या रांगेच्या बरोबर मधोमध सडक खात्याच्या साहेबांची जीप अडकली.

साहेब पुण्याकडचे. नवं राज्य झालं तसे आम्हाला तिकडचे साहेब मिळू लागले. ते दीड तास धुळीत बसले. शेजारी उभ्या असलेल्या खुशालरावांच्या बैलानं त्यांची टोपी तोंडात घेतली. साहेबांनी ती सोडवली, पण पुन्हा घातली नाही. शेवटी जीप सोडून ते चालतच माझ्यापर्यंत आले.

"मास्तर, अहो, एवढी वाहतूक इथे रोज असते?"

खोटं बोलायचं नाही, हा माझा बाणा. "साहेब, आज जरा जास्त आहे," मी म्हणालो.

सात दिवसांचा आकडा झाला चार हजार तीनशे सहा. खुशालरावांनी गावाला चहा पाजला. मला पुन्हा चांगला कप. शकुन सातवी पास झाली, जिल्ह्यात नंबर आला, आणि मी जुन्या सायकलीच्या ट्यूबमधून तिचं दप्तर बांधायला पट्टा कापून ठेवला. चंद्रभान गिऱ्हाइकांना विचारू लागला की बसचा थांबा हॉटेलाच्या उजव्या हाताला बरा का डाव्या.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पत्र आलं. मी ते हॉटेलात मोठ्यानं वाचलं, म्हणजे मी पहिल्या चुकीवरून काहीच शिकलो नव्हतो. पत्रात होतं: सदर सडकेवर दररोज सरासरी सहाशे पंधरा लोखंडी धावांच्या बैलगाड्या जातात असे मोजणीवरून दिसून आले. अशा धावांखाली डांबराचा थर टिकणे शक्य नाही. सबब चालू सालच्या यादीत मंजूर असलेले या सडकेचे डांबरीकरण रद्द करण्यात येत आहे.

"मंजूर असलेले" हे मी तीनदा वाचलं. म्हणजे डांबर निघालंच होतं. आम्ही काहीच केलं नसतं, घरी झोपून राहिलो असतो, तर ते येणार होतं. मग खुशालराव उठले. "मास्तर," ते म्हणाले, "तुमी रेघाच लय मारल्या." आणि निघून गेले. 'मास्तरसाहेब'मधला साहेब गेला, मास्तरच राहिला. पुढल्या वेळी त्यांच्या ओसरीवर गेलो तेव्हा माझी कपबशी खिडकीच्या फळीवर परत आली होती. जंगल खात्यानं पहिल्या मैलावर कायमचा नाका बसवला, तो वेगळाच.

मी सत्यवतीला पत्र दाखवलं नाही. तिनं ते माझ्या तोंडावर वाचलं. "मंग आता?" एवढंच म्हणाली. मी त्याच रात्री ठरवलं की जाऊन खरं काय ते सांगायचं. नोकरी गेली तर गेली, असं मनात म्हटलं, आणि मग पहाटेपर्यंत मला झोप आली नाही.

अकोल्याला साहेबांच्या कचेरीत पहिले दोन दिवस बाकावर गेले. कारकून म्हणाला, तक्रारीचा नमुना वेगळा आणि विनंतीचा वेगळा. तुमचं काय आहे? मी म्हणालो, कबुली आहे. त्याचा नमुना त्याच्याकडे नव्हता. तिसऱ्या दिवशी साहेबांनी आत बोलावलं.

मी सगळं सांगितलं. नाला, फेऱ्या, पराट्या, झुली. साहेबांनी चष्मा काढला.

"म्हणजे तुम्ही खोट्या रेघा मारल्या?"

"नाही साहेब. रेघा सगळ्या खऱ्या आहेत. बंड्या खोट्या होत्या."

"मग खऱ्या किती?"

"चौदा."

"अहो, चौदा गाड्यांसाठी सरकार डांबर घालत बसेल का?"

"मग किती पाहिजेत साहेब? सहाशे जास्त होतात, चौदा कमी होतात. मधला आकडा सांगा."

"तो मोजणीआधी सांगता येत नाही," साहेब म्हणाले. "लोक गैरफायदा घेतात."

माझं डोकंच फिरलं. पण शकुनची आठवी डोळ्यापुढं होती, म्हणून मी हात जोडून उभा राहिलो. शेवटी साहेबांनी दया केली. मी सगळं लेखी द्यायचं, मग पुढल्या साली ते नवी मोजणी लावणार. मी लिहून दिलं. ती कबुली फिरत फिरत माझ्या शिक्षण खात्यात गेली आणि माझ्या सेवापुस्तकात लाल शाईनं ताकीद बसली. बारा वर्षांच्या नोकरीत पहिली. ते पान मी आजही उघडत नाही.

पुढलं साल म्हणजे शकुनचं एक वर्ष वाया. मी सत्यवतीला म्हणालो, एक वर्ष थांबू. ती चुलीपाशी बसली होती, तिथूनच बोलली, "सडक आपल्या घरी येत नाई, तं आमी सडकेनं जातो. कौशल्याच्या घरामांगं खोली हाय, मी इचारलं. कापसाच्या जिनात मजुरी भेटते. तुमी ऱ्हा इथं अन् करा तुमची तक्रार." कौशल्या तिची मावसबहीण, बार्शीटाकळीला असते. दुसऱ्या आठवड्यात दोघी गेल्या. त्या उन्हाळ्यात फेऱ्या मारमारून गेलेल्या शंभरेक बंड्यांपैकी एकही त्या दिवशी मोकळी नव्हती. पेरणी तोंडावर आली होती. दोघी डोक्यावर बोचकी घेऊन पायी गेल्या. मी माझी भाकर मीच थापू लागलो. तिचा आकार कुठल्याच भूमितीत बसत नाही. दर शनिवारी दुपारी शाळा सुटली की पिशवीत ज्वारीचं पीठ घेऊन नऊ मैल जायचं आणि रविवारी नऊ मैल यायचं. आमच्या बंड्यांनी करून ठेवलेल्या चाकोऱ्यांत पावसाळ्यात गुडघ्याएवढं पाणी साचत होतं. त्यात पडलो की मला नेमकं कोणाला शिव्या द्यायच्या ते सुचायचं नाही, कारण प्रत्येक चाकोरीची रेघ मीच मारलेली होती.

बासष्टच्या एप्रिलात नव्या मोजणीचा हुकूम आला, आणि मोजणी करणार मीच. ताकीद एका कारकुनानं लिहिली होती, यादी दुसऱ्यानं गेल्या वर्षीची उतरवली होती. खुशालरावांनी या खेपेला गावाला सांगून टाकलं, "यंदा कमी दिसल्या पाह्यजेत. माही एक बंडी घराभाईर निंगनार नाई." गाव त्यांचं ऐकतं. पहिल्या दिवशी दोन बंड्या गेल्या, दुसऱ्या दिवशी एक. मी आणि पुंजाजी निंबाखाली बसून होतो. मोजणीमुळे त्या शनिवारी मला बार्शीटाकळीला जाता येणार नव्हतं, तसा निरोप मी पाठवला होता.

शनिवारी साहेब स्वतः तपासायला आले. खुर्चीवर ते बसले, मी उभा राहिलो. अकरा वाजता ऊन पेटलं होतं. ते कागदाकडे बघून म्हणाले, "मास्तर, ही तर ओसाड सडक आहे. इथून कोणी जातच नाही."

तेवढ्यात जंगलाच्या बाजूनं दोघी येताना दिसल्या. सत्यवतीच्या डोक्यावर रिकामी पिशवी घडी करून उन्हासाठी ठेवलेली, आणि शकुनच्या हातात वह्या. पीठ संपलं होतं, आणि मी येणार नव्हतो, म्हणून त्याच आल्या होत्या. शकुनच्या पायाला फोड आले होते. तिनं वहाण काढून हातात घेतली.

"या कोण?" साहेबांनी विचारलं.

"माझी बायको आणि मुलगी."

"एवढ्या उन्हात पायी? अहो, बसनं का नाही येत?"

सत्यवतीला साहेब कोण ते ठाऊक नव्हतं. ती पदरानं तोंड पुसत म्हणाली, "बसले सडक लागते, भाऊ."

साहेबांनी घड्याळ पाहिलं, मला सही करून दिली आणि जीपमध्ये बसून गेले. हुकमाप्रमाणे मी मोटारीच्या रकान्यात एक रेघ मारली.

शकुन कागदावर वाकून बघत होती. "अन् आमची रेघ कुठी हाय, बाबा?"

मी कागद वरपासून खालपर्यंत पाहिला. मोटार, ट्रक, बैलगाडी, सायकल. वर्षभरात दुसऱ्यांदा तो कागद माझ्या हातात होता आणि मी हे पहिल्यांदाच पाहत होतो. "पायी माणसाले रकाना नाई, बाई," मी म्हणालो. सकाळपासून त्या निंबाखालून किती माणसं गेली होती, आणि मी एकेकाला रामराम, जयभीम करून पुन्हा रस्त्याकडे बघत बसलो होतो, कोणी जातं का म्हणून.

मी कागद उलटा केला आणि पाठीवर हजेरीला लिहितो तसं लिहिलं: सत्यवती शेषराव तायडे. शकुन शेषराव तायडे, इयत्ता आठवी. मग सकाळपासूनचे आठवू लागलो. मैनाबाई, लाकडाची मोळी. केशरबाई आणि तिची सासू, बाजाराला. इंदूबाई, आठवा महिना, दवाखान्यात.

"मलेबी लिवा, मास्तर," पुंजाजी म्हणाला. "वीस वरसं झाले, रोज चालून राहिलो."

त्याचं नाव लिहिलं तेव्हा कागदाची पाठ भरली. शकुननं आपल्या वहीतलं कोरं पान फाडून माझ्यापुढं धरलं. मी वर तारीख घातली.